फिलिमोनेची टोपली

८ जुलै, सोमवार

आकानेसी नर्सने आज आम्हा सगळ्या बायकांना एकेक वही दिली. निळा पुठ्ठा, आत रेघा. म्हणाली, "मावशी, रोज काय खाल्लं आणि किती चाललात, एवढंच लिहायचं." मी म्हटलं, "पोरी, एवढ्याला पाठकोरा कागद पुरला असता. इतकी पानं दिलीस तर मी सगळा जन्म लिहून काढीन." ती हसली. "लिहा की. मी फक्त जेवणाचं वाचीन."

तर लिहिते. शाळा सहावीत सुटली. पुढचं वाचन बायबलावर आणि डबाबंद मांसाच्या डब्यांवर झालं. अक्षर मात्र चांगलं आहे.

बेटावरच्या सहा गावांत स्पर्धा लागली आहे. तीन महिन्यांत ज्या गावच्या बायका मिळून जास्त वजन उतरवतील, ते गाव पहिलं. बक्षीस तीन डुकरं. शेजारची मेलिआमे म्हणाली, "म्हणजे आधी उतरवायचं आणि मग बक्षीस खाऊन परत चढवायचं! डोकं आहे गं या लोकांना." आकानेसीने कपाळाला हात लावला.

वजनं धक्क्यावर झाली, खोबऱ्याची पोती तोलतात त्या काट्यावर. दवाखान्यातल्या काट्याला आमच्यातल्या निम्म्या जणी पेलवत नाहीत. आमच्यात लुगड्यावरून कंबरेला विणलेली चटई बांधतात, मानाची म्हणून; ती सोडायला मी साफ नकार दिला. चटई न बांधता चारचौघांत उभं राहायचं माझं वय चौथ्या वर्षीच संपलं. काटा एकशे एकवीसवर थांबला. आकानेसी म्हणाली, चटईचे दोन किलो वजा करू. मेलिआमेने हळूच चिमटा काढला, "राहू दे की. तीन महिन्यांनी सोड. बसल्या जागी दोन किलो उतरले."

पुढारीपण माझ्या गळ्यात पडलं. निम्म्या गावाची मी आत्या. आमच्यात भावाच्या घरी बहिणीचा शब्द शेवटचा, मग पुढारीण दुसरी कोण होणार?

११ जुलै, गुरुवार

चालायला सुरुवात. देवळापासून रानाच्या वाटेने फिलिमोनेच्या मळ्यापर्यंत आणि परत. चौदा जणी निघालो, नऊ पोचलो. दोन वाटेत गप्पा मारत बसल्या, एकीच्या मागे कुत्रं लागलं, दोघींना भूक लागली.

फिलिमोने माझा धाकटा भाऊ. त्याचा मळा पाहून वाईट वाटलं. गुडघ्याच्या वर गवत. चार वर्षं झाली, कुदळ लागलेली नाही. पूर्वी हंगामाचं पहिलं कोनफळ माझं असायचं. खांद्यावरच्या काठीला टांगून दोन मैल चालत यायचा, माझ्या अंगणातल्या नीरफणसाखाली थांबायचा आणि खोकायचा. खोकला ऐकला की मी आत जायची. तो कोनफळ ठेवून जायचा. वयात आल्यावर बहीणभाऊ, देऊळ सोडलं तर, एका छपराखाली बसत नाहीत, एकमेकांच्या अंगाचं, दुखण्याचं बोलत नाहीत. पन्नास वर्षांत आम्ही समोरासमोर दहा वाक्यं बोललो असू तर शपथ. पण तो खोकला मी शंभर माणसांत ओळखीन.

आता ऑकलंडला असलेल्या त्याच्या पोरांनी त्याला गाडी पाठवली, मोठा फ्रीज पाठवला. कोनफळाच्या जागी दर महिन्याला दुकानातून मेंढीच्या मांसाचं गोठलेलं खोकं येतं माझ्याकडे. बरं झालं. फार राबला तो. आता बसून खाऊ दे.

खाल्लं: पाव, लोणी, चहा (साखर चार चमचे), दुपारी कसावा, डबाबंद मांस, रात्री उरलेलं.

१४ जुलै, रविवार

प्रार्थनेला गाव भरून होतं. फिलिमोने पुरुषांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर. मला त्याची पाठच दिसते नेहमी. आज पाहिलं तर मान बारीक झालेली. सदऱ्याची कॉलर मागून उभी राहिली होती. आला गाडीतून, घरापासून देऊळ दोनशे पावलं आहे, पण गाडी असली की माणसाने वापरावी. एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात सपात, वर फडकं. नवे बूट चावत असतील.

सेइनी, त्याची बायको, भली आहे, पण हात आखडता. नवऱ्याची मान बारीक होईपर्यंत बघत बसली!

मी पहाटेच जमिनीतली भट्टी पेटवली होती. त्याच्याच खोक्यातलं मांस, अळूच्या पानांत बांधून, वर नारळाचं घट्ट दूध. आठ पुड्या त्याच्यासाठी राखलेल्या टोपलीत घातल्या. ही टोपली मी विणली तीच, कडेला काळी वेल. संध्याकाळी सेइनीने परत आणली. रिकामी. "वन्सं, सगळं संपलं," म्हणाली आणि खाली बघत राहिली.

मी खाल्लं: फार काही नाही. चार पुड्या, अर्धा नीरफणस, थोडं डुकराचं, खीर. रविवार आहे. चालले नाही. रविवार आहे.

२७ जुलै, शनिवार

पुतण्याच्या मुलाचा पहिला वाढदिवस. मी मानाच्या जागी, सगळ्यांत पुढे. चार मजली केक, त्याचा वरचा मजला आत्याचा, अख्खं भाजलेलं डुक्कर आत्याचं. मी नाही घेतलं तर बाळाचा अपमान. घेतलं आणि नेहमीप्रमाणे वाटून टाकलं. केक फिलिमोनेकडे. लहानपणी त्याने केक पाहिलाही नव्हता.

त्या मोठ्या वादळानंतरचं साल आठवतं. झाडाला पान नव्हतं. मी बारा वर्षांची, तो सात. आई आजारी. मी माझ्या वाटणीचं कंदमूळ चावत असल्याचं दाखवायची आणि अंधार पडला की त्याच्या हातात ठेवायची. "तुला नको?" विचारायचा. "माझं पोट भरलं." तेव्हा बोलायला चालत होतं.

आज संध्याकाळी टोपली रिकामी आली. केकचा कणही नाही. माणूस जगात आणखी काय मागतो?

६ ऑगस्ट, मंगळवार

आकानेसीने सभागृहात साखरेच्या आजारावर सांगितलं. चित्रं दाखवली. पायाला मुंग्या येतात, मग बधिर होतो, मग काटा रुतलेला कळत नाही, जखम भरत नाही. माणूस खात असतो आणि तरी वाळत जातो. मला पावशेर रडू आलं त्या लोकांसाठी. "कुणाच्या घरी आहे का असं?" तिने विचारलं. मी पुढारीण म्हणून उठून सांगितलं, "देवाच्या कृपेने आमच्या घराण्यात नाही."

आकानेसीने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडून मिटलं. सेइनी तिथेच चटईची कड उलगडत बसली होती. सगळी सुटली तरी उलगडतच होती. म्हटलं, "अगं, विणून विणून बोटं झिजली ती सोडतेस कशाला?" तर उठून गेली. तब्येत बरी नसेल.

परतताना मेलिआमे म्हणाली, "तोआकासे, तू डोळ्यांचा चष्मा कधी करणार?"

"मला लांबचं स्वच्छ दिसतं."

"लांबचंच," ती म्हणाली.

१३ ऑगस्ट, मंगळवार

रागाच्या भरात लिहिते आहे, अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

अर्ध्या वाटेचं वजन झालं. सगळ्या जणी मिळून अठ्ठावीस किलो उतरल्या. मेलिआमे एकटी सहा. मी एक किलो वाढले. पुढारीण! बायका तोंडावर पदर धरल्यागत हसत होत्या. आकानेसीने मला बाजूला बसवून वही मागितली. पानं उलटता उलटता थांबली.

"मावशी, ही टोपली दर रविवारी जाते?"

"माझा भाऊ आहे तो."

"आठ पुड्या?"

"आता बारा. वाळला आहे."

तिने वही मिटली. मग म्हणाली, "मावशी, हे बरगडीखालचं मांस तिकडे समुद्रापलीकडे कुणी खात नाही. निम्मी चरबी असते. कुत्र्यांच्या खाण्यात घालतात, नाहीतर इकडे पाठवतात. हे त्यांना देऊ नका. मी याहून जास्त बोलू शकत नाही. दवाखान्यातलं बाहेर सांगायचं नसतं, आणि तुम्हाला तर नाहीच, तुम्ही बहीण."

मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. कुत्र्यांचं! माझ्या भावाने मान म्हणून पाठवलेलं खोकं, आणि कुत्र्यांचं! मी उठले. म्हटलं, "पोरी, तुझ्या आईने तुला शिकवलं, पण वळण लावायची राहिली." आणि निघाले. तरातरा चालले. आजचं चालणं बहुधा सगळ्यांत जास्त झालं.

२५ ऑगस्ट, रविवार

बारा दिवस लिहिलं नाही, चाललेही नाही. मेलिआमे रोज कुंपणाशी येऊन ओरडते, "पुढारीणबाई, फौज निघाली!" मी आतून विणत बसते.

टोपली गेली. मुद्दाम चौदा पुड्या. रिकामी आली.

१ सप्टेंबर, रविवार

तिसऱ्या बाकावर फिलिमोने नाही. साठ वर्षांत वादळाच्या रविवारीही तो चुकला नव्हता. सेइनीही नाही. कुणाला विचारू? भावाच्या दुखण्याचं विचारणं मला शोभत नाही, आणि माझ्यासमोर ते बोलणं कुणाला शोभत नाही. सगळं गाव माझ्याशी आज पावसापाण्याचं बोललं.

टोपली पाठवायला हात उचलला नाही. दारात तशीच आहे, भरलेली. मुंग्या लागल्या.

३ सप्टेंबर, मंगळवार

मेलिआमे धावत आली. ती धावली याचंच मला आधी नवल वाटलं. म्हणाली, "चल धक्क्यावर. आता चटई, रीत, मान, काही काढू नकोस. नुसती चल."

फिलिमोनेला चौघांनी फळीवरून नावेकडे आणला. मी माडांपाशी थांबले, पन्नास पावलांवर. याहून जवळ जाता येत नाही. त्याने मला पाहिलं. आणि काय केलं? अंगावरची चटई ओढून पाय झाकला. तापाने डोळे फिरलेले, तरी हात चटईकडे गेला. बहिणीला पाय दिसू नये.

वारा माझ्याकडून तिकडे होता, तरी मला वास आला.

नाव गेली. मेलिआमे माझा हात धरून उभी होती. "किती दिवसांपासून?" मी विचारलं. "अंगठ्याला शिंपला लागला होता," ती म्हणाली, "मे महिन्यात. त्याला कळलंच नाही. साखर तर दोन वर्षांपासून आहे, बाई. सगळ्या गावाला ठाऊक."

सगळ्या गावाला. मी सभागृहात उठून काय बोलले होते ते आठवलं आणि माडाला टेकून खाली बसले.

९ सप्टेंबर, सोमवार. मोठ्या बेटावरचा दवाखाना

त्याची दोन बोटं काढली. अंगठा आणि शेजारचं. सर्जन म्हणाले, पुन्हा असं झालं तर गुडघ्यापासून.

मी आत जात नाही. त्याच्या खिडकीखाली व्हरांड्यात चटई टाकून विणत बसते. सकाळी पोचल्यावर एकदा खोकले. थोड्या वेळाने आतून खोकला आला. क्षीण होता, पण त्याचाच. आमचं बोलणं झालं.

दुपारी सेइनी येऊन बसली. मी सोबत काय आणलं होतं? टोपली. आणली होती खरी, सवयीने. दोन पुड्या. ती बघून सेइनी जी रडायला लागली ती थांबेना.

"वन्सं, आता नका हो पाठवू. मला शाप लागला तरी चालेल, पण नका पाठवू."

"त्याला आवडतं म्हणून..."

"आवडतं? त्यांना ते मांस बघवत नाही. नर्सने पहिल्या दिवशीच बंद करायला सांगितलं. मी म्हटलं, डुकरांना घालू, वन्संना काय कळणार? तर म्हणाले, तोआकासेच्या हातचं डुकरांना? ती उपाशी राहून मला भरवायची. आणि बसून चौदाच्या चौदा पुड्या खाल्ल्या. एकेक घास पाण्याबरोबर."

मी म्हटलं, "सेइनी, मला तरी कुठे ते मांस आवडतं? चरबी घशाशी येते. त्याने पाठवलेलं टाकू कसं, म्हणून मी शिजवते. अर्धं खाते, अर्धं पाठवते."

तिने डोळे पुसले. "ते खोकं तरी का घेतात ठाऊक आहे? म्हणतात, कोनफळ पिकवायचं बंद केलं, बहिणीपुढे रिकाम्या हाताने कसं जाऊ? गावातलं सगळ्यांत मोठं खोकं घेतात. दुकानात त्यांच्या खोक्यावर आधीच तुमचं नाव लिहून ठेवलेलं असतं."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग ती हसायला लागली, आणि मीही, आणि हसताना दोघींना रडूही येत होतं. आत सगळं ऐकू गेलं असणार. आतून खोकला आला नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार

आकानेसीला निरोप पाठवला: पोरी, वळण मला लावायला हवं होतं.

२८ सप्टेंबर, शनिवार

फिलिमोने परत आला. नावेतून उतरवताना मी घरातच होते.

घराणं उद्यापासून तयारीला लागतंय. तो जिवंत आला म्हणून देवाचे आभार, पुढच्या शनिवारी पंगत. सात डुकरं, वीस खोकी मेंढीचं मांस. कुणाला सांगू? जिवंत आला म्हणून त्याला मारायला निघालेत. आणि त्यांना शिकवलं कुणी? मानाच्या जागी तीस वर्षं बसून कोण घेत आलं?

विचार करते आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार

झालं. बरं झालं की वाईट, उद्या लिहीन.

६ ऑक्टोबर, रविवार

काल मंडपात दीडशे माणूस होतं. केळीच्या पानांवर अन्न असं रचलेलं की पलीकडचा माणूस दिसेना. फिलिमोने मंडपाबाहेर, आंब्याखाली, माझ्याकडे पाठ करून. पाय स्टुलावर. मी मानाच्या जागी. आत्याने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी हात लावत नाही.

मी घास घेतला नाही. उठले. गुडघे वाजले, ते सगळ्यांना ऐकू गेले असतील, इतकी शांतता झाली.

"या पंगतीवर हक्क कुणाचा?" मी विचारलं.

"तुमचा, आत्या," सगळे.

"मग हे सगळं मांस मी घेते. डुकरं, मेंढी, केक, सगळं. गाडीत भरा आणि पलीकडच्या शाळेच्या वसतिगृहात पोचवा. मासे, कंद आणि पालेभाजी राहू दे."

एक चुलत दीर पुटपुटला, "म्हातारीला वारं झालं." त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. हक्क म्हणजे हक्क. पोरं पानं उचलायला लागली.

मग मी सेइनीकडे तोंड करून बोलले, पण आंब्यापर्यंत जाईल अशा आवाजात. आवाज माझा गायनवृंदातला आहे. "सेइनी, तुझ्या नवऱ्याला सांग. चार वर्षं माझा मान दुकानातून येतो आहे. पैसे देऊन आणलेल्या खोक्यात बहिणीचा मान मावत नाही. यापुढे खोकं माझ्या दारात आलं तर रस्त्यावर ठेवीन. मला माझं कोनफळ हवं. त्याच्या मळ्यातलं, त्याच्या हातचं. आणि ते गाडीतून येता कामा नये."

त्याची पाठ हलली नाही. मान खाली गेली, एवढं दिसलं.

नंतर मेलिआमे मला म्हणाली, "अगं, बोटं तुटलेल्या माणसाला चालायला सांगतेस! दीडशे माणसांत! हीच गोष्ट हळू सांगता आली नसती?"

हळू कशी सांगू? हळू बोलायची वाटच आम्हाला नाही. पण रात्रभर डोळा लागला नाही. भावाला मी चारचौघांत उघडा पाडला. त्याने आता काहीच पाठवायचं सोडलं तर? माझं चुकलं असेल तर ते या वहीत राहू दे. मेल्यावर वाचेल कुणीतरी.

८ ऑक्टोबर, मंगळवार

शेवटचं वजन. आमचं गाव तिसरं. डुकरं दुसऱ्या गावी गेली. आकानेसीने सुटकेचा श्वास टाकला. मी चार किलो उतरले. चटई बांधूनच. मेलिआमे म्हणाली, "हात्तिच्या, मग ते दोन किलो वाया घालवलेस!"

बायका विचारत होत्या, आता चालायचं थांबवायचं का? मी म्हटलं, स्पर्धा संपली, रस्ता कुठे संपलाय?

२६ ऑक्टोबर, शनिवार

तिकडून काहीच नाही. खोकं नाही, टोपली नाही, निरोप नाही. रविवारी तो प्रार्थनेला येतो, तिसऱ्या बाकावर बसतो. मी त्याच्या मानेकडे बघते. मान काही सांगत नाही.

मी मासळी आणि भोपळ्याची पानं खाते. चव लागत नाही. साखर दोन चमचे.

११ नोव्हेंबर, सोमवार

आकानेसी म्हणाली, "मावशी, दवाखान्यातलं बाहेर सांगायचं नसतं. पण मोठ्या बेटावरून एक जाड तळव्याचा बूट मागवला आहे. कुणाचा ते सांगणार नाही. एका पायाचा खास आहे." आणि जखम भरल्यावर रोज थोडं चालायला त्या कुणाला हरकत नाही म्हणे, पाय रोज धुऊन, बघून.

मी तिला नारळ दिला. मग आठवलं, आणि म्हटलं, पाणीच पी, खोबरं राहू दे.

२० नोव्हेंबर, बुधवार

आमची फौज मळ्यापर्यंत जाते. त्याचा मळा आला की मी समुद्राकडे तोंड करते, मेलिआमे वृत्तांत देते.

"गवत कापलंय."

"किती?"

"एका चटईएवढं. थांब, दोन चटया."

कोनफळ लावायला उशीर झाला आहे. लागलं तरी मोठं होणार नाही. पण लागलं पाहिजे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

"आज अकरा खड्डे," मेलिआमे म्हणाली. परवा चार होते. दोन दिवसांत सात! मला इतका अभिमान वाटला. त्या पायाने! आमच्या घराण्याचं हाडच तसं.

मेलिआमेच्या नखांत माती होती. आणखी तीनचार जणींच्याही. म्हणे परसात रताळी लावली. तिच्या परसात तर सगळा सिमेंटचा कोबा आहे. म्हातारपणी माणसं काहीतरी बोलतात.

१५ डिसेंबर, रविवार

आज एक गोष्ट केली. प्रार्थनेनंतर सगळे बोलत उभे असताना मी त्यांच्या घरी गेले आणि खिळ्यावरची गाडीची किल्ली घेतली. भावाच्या घरातलं काहीही घ्यायचा मला हक्क आहे. आजवर एक सुपारीएवढंही घेतलं नव्हतं. गाडी आकानेसीला दिली, रुग्णांना धक्क्यावर न्यायला. सेइनी दारात उभी राहून तोंड दाबून हसत होती. "वन्सं, फ्रीज पण नेता का?"

"तो बुधवारी नेते," मी म्हटलं.

संध्याकाळच्या प्रार्थनेला तो चालत आला. दोनशे पावलं. मध्ये दोनदा थांबला. एक पाऊल जड, एक हलकं. मी डोळे मिटून मोजत होते, आणि पाद्रीबाबांना वाटलं माझी भक्ती वाढली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

वेल मांडवावर चढला, म्हणते मेलिआमे. फिलिमोनेची साखर अजून वरखाली होते, महिन्यापूर्वी टाचेला फोड आला आणि तीन आठवडे घरी बसला. देवाने बोटं काही परत दिली नाहीत. पण मान भरते आहे.

माझं एकशे नऊ. शंभर कधी होईन ते माहीत नाही. व्हायचं का तेही माहीत नाही. पण पायऱ्या चढताना आता मी बोलू शकते, आणि बोलते.

७ जून, शनिवार

सकाळी विणत बसले होते. खोकला आला.

नीरफणसाच्या झाडाकडून. हात थांबले. पाच वर्षांनी. मी उठून आत गेले, जसं जायचं तसं. पण आज एक अपराध केला आणि तो इथेच लिहिते: भिंतीच्या विणीतून बाहेर पाहिलं.

खांद्यावर काठी, काठीला टोपली. पायात तो जाड बूट. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. दोन मैल आला होता. दगडावर बसून त्याने श्वास घेतला, मग उठून टोपली उंबऱ्यापाशी ठेवली, जिथे त्याचे केस काळे असताना ठेवायचा तिथेच. परत जाऊन झाडाखाली उभा राहिला. पुन्हा खोकला.

मी आतून खोकले.

तो गेला. एक जड, एक हलकं. वळणापर्यंत मी मोजत राहिले.

टोपलीत कोनफळ. पूर्वी हातभर लांब असायचं, दोघांनी उचलावं असं. हे माझ्या पंजापेक्षा थोडं मोठं, वाकडं, एका बाजूला उंदराने कुरतडलेलं. मी ते धुतलं. उकडलं. नारळाचं दूध घातलं नाही, नुसतं मीठ. मेलिआमे वासावर आली. "एक फोड दे."

"नाही."

"अगं, एवढं तिघींना पुरेल!"

"माझ्या मानाचं आहे. बस आणि बघ."

मी ते पूर्ण खाल्लं, सालाजवळचंसुद्धा. सावकाश. मेलिआमे बघत बसली, आणि सांगितलं नाही तरी गप्प बसली, असं आयुष्यात पहिल्यांदा.

दुपारी सेइनी टोपली न्यायला आली. मी दिली. तिने आत पाहिलं, उलटी करून झटकली. माझ्या हातून रिकामी टोपली गेल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"वन्सं, सगळं?"

"सगळं," मी म्हटलं. "सांग त्याला."